जप्ती सरकारची, मरण रयतेचें

खळ्यावरची जोंधळ्याची रास रात्रीं चोरीला गेली. सकाळीं गांवकऱ्यांनीं माग काढला, चोर सांपडला, आणि त्याच्या पडवींत पोतीं जशींच्या तशीं मिळालीं. आतां तीं पोतीं कोणाचीं? शाळेची पायरी न चढलेला गुराखीसुद्धां सांगेल कीं, ज्याचें खळें त्याचीं. पण समजा, चावडीवर पंच बसले आणि त्यांनीं असा निवाडा केला कीं, चोराला बेड्या घाला, पोतीं चावडींत जमा करा, आणि ज्याची रास गेली त्यानें अर्ज लिहून वाट पाहावी; पंचांच्या मनांत आलें तर त्याला चार पायल्या दाणे देऊं. असल्या पंचांना गांव काय म्हणेल? आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, असेंच म्हणेल.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, दहशतवादाच्या गुन्ह्यांत ज्या मिळकती जप्त होतात, त्यांच्याविषयीं आपल्या देशाचे व आपल्या राज्याचे कायदे आज बहुतेक असाच निवाडा देत आहेत. बाँब फोडणाऱ्याचें घर, जमीन, दुकान, बँकेंतला पैसा सरकार जप्त करतें, हें योग्यच आहे. तसें करूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ज्या पैशानें माणसें मारलीं तो पैसा मारणाऱ्याच्या हातांत राहूं देणें म्हणजे दुसऱ्या बाँबाची तरतूद करणें होय. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जप्त झालेला पैसा जातो कोठें? आणि ज्या घरचा कर्ता माणूस त्या बाँबानें गेला, त्या घराच्या ओंजळींत त्यांतलें काय पडतें?

प्रथम मरतो कोण, तें पाहूं. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसें मेलीं, ७०० हून अधिक जखमी झालीं. शेअरबाजाराच्या व विमान कंपनीच्या इमारतींचीं चित्रें वर्तमानपत्रांत झळकलीं. पण त्याच दिवशीं मशीद बंदरच्या काथा बाजारांतही स्फोट झाला आणि माहीमच्या मच्छीमार वसाहतीवर हातबाँब पडले. ८ सप्टेंबर २००६ व २९ सप्टेंबर २००८ या दोन दिवशीं मालेगांवांत स्फोट झाले. मालेगांव म्हणजे यंत्रमागाचें गांव, रात्रंदिवस खटखट ऐकत कापड विणणाऱ्या कारागिरांचें गांव. ११ जुलै २००६ रोजीं मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, ते संध्याकाळीं कामावरून घरीं परतणाऱ्यांच्या गर्दींत. गडचिरोलीच्या रानांत नक्षलवाद्यांनीं ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून ज्यांना मारलें, त्यांत आदिवासी शेतकरीच फार. सारांश, दहशतवाद कोणत्याही झेंड्याखालीं येवो, त्याचा घाव राबून खाणाऱ्याच्या अंगावर बसल्यावांचून राहत नाहीं.

आतां कायदा पाहूं. कायद्याचें नांव काढलें कीं आपला माणूस हात जोडतो आणि वकिलाकडे बोट दाखवितो. तसें करूं नका. कायदा म्हणजे आपल्याच मतांवर निवडून गेलेल्या माणसांनीं मंजूर केलेला कागद आहे. तो आपल्यालाही समजला पाहिजे.

महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, ज्याला लोक मकोका म्हणतात, तो १९९९ सालचा. त्याचें २० वें कलम असें सांगतें कीं, आरोपीला शिक्षा झाली म्हणजे विशेष न्यायालय त्याची स्थावर-जंगम मिळकत राज्य सरकारजमा करण्याचा हुकूम देऊं शकतें. गुजरातनें २०१५ सालीं मकोकाच्या धर्तीवर, पण दहशतवाद हा शब्द नांवांतच घालून, कायदा केला. तो १ डिसेंबर २०१९ पासून अमलांत आला. त्यांतही जप्तीची तरतूद आहे. या साऱ्यांच्या वर केंद्राचा १९६७ चा बेकायदेशीर कृत्यें प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, बसला आहे. त्याच्या ५ व्या प्रकरणांत ‘दहशतवादाची कमाई’ पोलीस महासंचालकाच्या मंजुरीनें कशी अडकवून ठेवावी, ४८ तासांत कोणाला कळवावें, त्या अधिकाऱ्यानें ६० दिवसांत काय ठरवावें, अपील कोठें करावें, हें सर्व बारकाईनें लिहिलें आहे. कंपनीचे शेअर सरकारच्या नांवावर कसे चढवावे, येथपर्यंत लिहिलें आहे. आरोपीला शिक्षा होवो वा न होवो, अशी कमाई केंद्र किंवा राज्य सरकारजमा होऊं शकते, असेंही त्यांत आहे. लिहिलेलें नाहीं तें एवढेंच कीं, त्या पैशांतून मेलेल्याच्या घराला कांहीं द्यावें! सरकार हा शब्द तेथें जागोजागीं आहे. विधवा, पोरकें मूल, हातपाय गमावलेला मजूर यांचें नांव कोठेंच नाहीं.

हें कागदावरचें झालें. प्रत्यक्षांत काय घडतें? १९९३ च्या स्फोटांतला फरारी आरोपी दाऊद इब्राहिम याच्या व त्याच्या नातलगांच्या मुंबईंतील मिळकती सरकारनें १९७६ च्या तस्करीविरोधी जप्ती कायद्याखालीं घेतल्या. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्यांपैकीं तीन मिळकतींच्या लिलावांत मिळून ११ कोटी ५८ लाखांची बोली लागली. एप्रिल २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें नातलगांचें अपील फेटाळलें, आणि त्याच सालच्या ऑगस्टमध्यें अमिना मॅन्शन ही इमारत ३ कोटी ५१ लाखांस गेली. दोन्ही मिळून १५ कोटी ९ लाख रुपये झाले. त्या कायद्याप्रमाणें हा पैसा केंद्र सरकारचा.

मिळकती तस्करीच्या कायद्याखालीं गेल्या, स्फोटाच्या नव्हे, ही गोष्ट खरी आहे. कोणी वकील ती आम्हांस ऐकवील म्हणून आम्हीच आधीं सांगतों. पण रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटकें उतरलीं, तीं तस्करीच्याच वाटेनें उतरलीं. वाट एक, होडी एक. मग हिशेब दोन कशाला? आतां साधा भागाकार करा. १५ कोटी ९ लाखांना २५७ नें भागलें तर प्रत्येक मृताच्या घरामागें पांच लाख सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास रुपये येतात. एवढ्यानें गेलेलें माणूस परत येत नाहीं. पण पोरीचें शिक्षण होतें, गहाण पडलेलें रान सुटतें, म्हाताऱ्या सासूचें औषधपाणी होतें.

आणखी एक दाखला घ्या. मार्च २०२५ मध्यें मुंबईच्या विशेष टाडा न्यायालयानें टायगर मेमनच्या कुटुंबाच्या १४ मिळकती केंद्र सरकारच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. स्फोट १९९३ सालचे, हुकूम २०२५ सालचा. मध्यें ३२ वर्षें गेलीं! बाप स्फोटांत गेला तेव्हां जें मूल पाळण्यांत होतें, तें आज स्वतः लेकरांचें आईबाप होण्याच्या वयाचें झालें. इतक्या वर्षांनीं त्या मिळकतींना धनी सांपडला, आणि तो धनी कोण? तर सरकार.

यावर कोणी म्हणेल, “सरकार नुकसानभरपाई देत नाहीं काय? योजना आहेत कीं!” आहेत, आणि त्या नाकारण्याचें आम्हांस कारण नाहीं. केंद्र सरकारनें १ एप्रिल २००८ पासून दहशतवादी, जातीय व नक्षलवादी हिंसाचारांत मेलेल्या किंवा कायमचें अपंगत्व आलेल्या नागरिकांसाठीं साहाय्याची योजना सुरू केली. तिची रक्कम प्रथम तीन लाख होती, ती २०१६ सालीं पांच लाख झाली. फौजदारी संहितेंत २००८ च्या दुरुस्तीनें ३५७-अ हें कलम आलें, आणि प्रत्येक राज्यानें गुन्ह्याच्या बळींसाठीं भरपाईची योजना करावी असें ठरलें. तेंच कलम आतां भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ३९६ वें कलम झालें आहे. गुन्हेगार सांपडला नाहीं आणि खटला उभा राहिला नाहीं, तरीही बळीच्या घराला अर्ज करतां येतो, ही त्यांतली फार चांगली गोष्ट आहे.

पण या दोन गोष्टींतला फरक ध्यानांत घ्या. जप्तीचा पैसा सरकारचा, हें कायद्यानेंच पक्कें करून ठेवलें आहे. भरपाईचें मात्र रक्कम योजना ठरविणार, कागद कचेरी तपासणार, आणि त्या खटल्यांतल्या जप्त मिळकतीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. जप्ती एका फायलींत चालते, भरपाई दुसऱ्या कचेरींतल्या दुसऱ्या फायलींत. या दोन फायलींची एकमेकींशीं ओळखच नाहीं. परिणाम असा होतो कीं, ज्याचा हक्क आहे तोच याचक होऊन दारांत उभा राहतो. मोठ्या शहरांत स्फोट झाला म्हणजे मंत्री येतात आणि मदतीचे आंकडे जाहीर करतात. आडरानांत एकटा मारला गेलेल्या शेतकऱ्याच्या दारीं एवढीं मोठीं माणसें कशाला येतील? हक्क असता तर मंत्री येवो न येवो, तो हक्क चालत घरीं आला असता.

१ जुलै २०२४ पासून एक नवी वाट उघडली आहे, ती वाचकांनीं नीट समजून घ्यावी. त्या दिवसापासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें १०७ वें कलम गुन्ह्याच्या कमाईविषयीं आहे. अडकविलेली मिळकत गुन्ह्याची कमाई आहे अशी न्यायालयाची खात्री पटली, तर त्यानें जिल्हा दंडाधिकाऱ्यास हुकूम द्यावयाचा कीं, ती कमाई त्या गुन्ह्याची झळ लागलेल्या माणसांत प्रमाणशीर वांटा. दंडाधिकाऱ्यानें ती ६० दिवसांत वांटावयाची. मागणारा कोणी नसेल, किंवा वांटून कांहीं उरलें, तरच तें सरकारजमा. पोत्यांचा खरा न्याय तो हाच: आधीं खळेवाला, मग चावडी.

मग आमची तक्रार कशासाठीं? ती अशी. दहशतवादी कृत्य हा गुन्हा आतां दोन कायद्यांत बसला आहे. एक यूएपीए, आणि दुसरा २०२३ ची भारतीय न्याय संहिता, तिचें ११३ वें कलम. गुन्हा या दोहोंपैकीं कोणत्या कायद्याखालीं नोंदवावा, हें पोलीस अधीक्षकानें किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानें ठरवावें, असें त्याच कलमाच्या स्पष्टीकरणांत लिहिलें आहे. खटला न्याय संहितेच्या वाटेनें गेला तर वांटणीचें १०७ वें कलम सरळ हाताशीं आहे. यूएपीएच्या किंवा मकोकाच्या वाटेनें गेला तर तेथें जप्तीची वेगळी व्यवस्था आहे, आणि तिचें तोंड तिजोरीकडे आहे. बाँब तोच, मेलेलीं माणसें तींच, पैसाही तोच. पण विधवेला त्यांतलें कांहीं मिळेल कीं नाहीं, हें अधीक्षकाच्या लेखणीवर लोंबकळणार! वकील मंडळी म्हणतील कीं, सर्वसाधारण संहिता तेथेंही लावून घेतां येईल. येईलही. पण ज्या घरांत दोन वेळची चूल पेटण्याची पंचाईत, त्या घरानें हा वाद उच्च न्यायालयापर्यंत ओढीत न्यावा असें म्हणणें, हा न्याय नव्हे. ही थट्टा आहे.

कोणी असें म्हणेल कीं, जप्त मिळकत विकून वांटणें हें कटकटीचें काम, सरकारला तें झेपणार नाहीं. झेपतें! मागणारा वजनदार असला म्हणजे झेपतें. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्ध केंद्राचा २००२ सालचा कायदा आहे. त्याच्या ८ व्या कलमांत अशी सोय आहे कीं, ज्याचें मोजतां येण्याजोगें नुकसान झालें त्याला जप्त मिळकतींतून परत देतां येतें. डिसेंबर २०२४ मध्यें अर्थमंत्र्यांनीं लोकसभेंत सांगितलें कीं, विजय मल्ल्या याच्या मिळकतींतून १४ हजार कोटींहून अधिक रुपये सरकारी बँकांना परत दिले. चांगलें झालें, त्या बँकांत आपलीही पै-पैशाची ठेव आहे. पण बँकेचा तोटा वहींत लिहिलेला असतो म्हणून मोजतां येतो, आणि घरधन्याच्या मरणाचा तोटा मोजतां येत नाहीं काय? मोटारीखालीं सांपडून मेलेल्या माणसाचें वय काय, कमाई किती, मागें खाणारीं तोंडें किती, याचा हिशेब अपघात न्यायाधिकरणें नेहमींच करीत असतात. एसटीखालीं गेलेल्याचा हिशेब होतो; मग बाँबाखालीं गेलेल्याचाच कां होऊं नये?

आणि दिल्लीपर्यंत तरी कशाला जावें? आपल्याच विधानमंडळानें ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला आहे. त्याच्याही नांवांत १९९९ हेंच साल आहे. वित्तसंस्था बुडाली, ठेवीदार नागवले गेले, तर चालकांची मिळकत अडकवावी, विकावी आणि पैसा ठेवीदारांत वांटावा, असें तो कायदा सांगतो. म्हणजे एकाच राज्याचे, एकाच सालाचें नांव लावणारे दोन कायदे पाहा. ज्याची ठेव गेली त्याला चोराच्या मिळकतींतून वांटा. ज्याचा बाप गेला त्याला मात्र नाहीं! ठेवीदाराचा वांटा कमी करा असें आम्ही म्हणत नाहीं. रक्ताची किंमत निदान ठेवीइतकी तरी धरा, एवढेंच म्हणतों.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, व त्याला उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें बरें नाहीं. भरपाई जप्तीच्या खुंटीला टांगली तर, जेथें आरोपी सुटतील किंवा कफल्लक निघतील, तेथल्या बळींनीं काय खावें? मालेगांवचेंच पाहा. २००६ च्या स्फोटांत आधीं पकडलेल्या मुसलमान तरुणांना पांच वर्षांनीं जामीन मिळाला, आणि २०१६ मध्यें न्यायालयानें त्यांना आरोपमुक्त केलें. २००८ च्या स्फोटाच्या खटल्यांत ३१ जुलै २०२५ रोजीं विशेष न्यायालयानें सातही आरोपींना निर्दोष सोडलें. मुंबईच्या लोकलस्फोटांत खालच्या न्यायालयानें २०१५ मध्यें दोषी ठरविलेल्या बारा जणांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयानें २१ जुलै २०२५ रोजीं रद्द केली. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. निकालांचें बरेंवाईट कायदेपंडित पाहोत. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं, एक निकाल लागला, तो फिरला, पुन्हा अपील झालें, आणि या साऱ्या फेऱ्यांत मेलेल्याच्या घरचा दिवा जसा विझला तसा विझलेलाच राहिला.

मालेगांवच्या त्या निकालांत आरोपींना सोडतांनाच न्यायालयानें सहा मृतांच्या वारसांना प्रत्येकीं दोन लाख व जखमींना पन्नास हजार रुपये सरकारनें द्यावे असा हुकूम केला. रक्कम थोडी, आणि तीही स्फोटाला जवळजवळ १७ वर्षें झाल्यावर. पण त्यांतलें तत्त्व मोठें आहे. आरोपीचा दोष शाबीत होवो न होवो, ज्याचें माणूस गेलें त्याचें दुःख शाबीतच आहे. त्याला आणखी पुरावा नको. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, आधीं तिजोरीनें द्यावें, आणि मागाहून तिजोरीनें जप्तींतून आपलें भरून घ्यावें. सरकारला ३२ वर्षें थांबतां येतें. पोरांच्या आईला ३२ दिवसही थांबतां येत नाहीं. जप्तींतून भरपाईपेक्षां जास्त निघालें, तर तें बळींच्याच निधींत राहावें, म्हणजे ज्या खटल्यांत कांहींच हातीं लागलें नाहीं तेथल्या घरांना तें उपयोगीं पडेल.

आतां तिसरी गोष्ट, जी बोलायला अवघड पण बोललीच पाहिजे. सुक्याबरोबर ओलेंही जळतें. कायदा जितका कडक तितकी त्याची चूक महाग. आपल्याकडे सात-बाऱ्यावर चार भावांचीं नांवें असतात. एक घर, एक विहीर, वांटे तोंडी. एका भावावर आरोप आला आणि मिळकत अडकली, तर उरलेल्या तिघांनीं आपला वांटा निराळा असल्याचें सिद्ध करीत न्यायालयाच्या पायऱ्या झिजवावयाच्या काय? यूएपीएंत तिऱ्हाइतानें दावा सांगण्याची सोय आहे, हें खरें. पण दावा सांगायला वकील लागतो, वकिलाला पैसा लागतो, आणि पैसा तर अडकविलेल्या रानांत असतो!

१९०८ ची दिवाणी संहिता इंग्रजांच्या राज्यांत झाली. तिच्या ६० व्या कलमानें सावकाराचा हुकूमनामा झाला तरी कर्जदाराच्या घरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचें औत, पोटापुरते बैल व बियाणें यांना जप्तींतून वगळलें आहे. यूएपीएच्या जप्तीच्या प्रकरणांत अशी यादी नाहीं. मारेकऱ्याला सवलत द्या असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या आईवर, बायकोवर, भावावर आरोपच नाहीं, त्यांच्या हातचें औत आणि डोक्यावरचें छप्पर सावकाराला घेतां येत नाहीं तें सरकारनेंही घेऊं नये. आणि आरोपी निर्दोष सुटला, तर अडकविलेली मिळकत नुसती परत न देतां मधल्या वर्षांच्या नुकसानीसह परत द्यावी. यांत बळीच्या घराचें वांकडें कांहीं होत नाहीं. उलट, चुकीच्या माणसाची जप्ती झाली म्हणजे खऱ्या मारेकऱ्याची मिळकत शाबूत राहिली असाच त्याचा अर्थ. त्यांत बळीचाही तोटाच आहे.

जप्त मिळकत कुलूप लावून कुजविणें ही आणखी एक नासाडी. रत्नागिरी जिल्ह्यांत खेड तालुक्यांतील मुंबके हें दाऊदच्या वाडवडिलांचें गांव. तेथल्या चार जमिनी जानेवारी २०२४ मध्यें लिलावास काढल्या. त्यांतल्या दोहोंना बोलीच लागली नाहीं. अशा माणसाचें रान विकत घ्यायला कोण धजेल? इटली देशानें यावर एक तोड काढली आहे. तेथल्या १९९६ च्या कायद्यानें माफिया टोळ्यांच्या जप्त जमिनी व घरें लोकोपयोगासाठीं देण्याची व्यवस्था केली. सिसिली बेटावर, एके काळीं माफियांचा अड्डा म्हणून गाजलेल्या कोर्लेओनेच्या आसपास, अशा जमिनींवर सहकारी संस्था गहूं पिकवितात. अमेरिकेनें २००२ सालीं कायदा करून, ज्या बळींनीं न्यायालयांतून हुकूमनामा मिळविला त्यांना दहशतवाद्यांच्या गोठविलेल्या मालमत्तेंतून वसुली करण्याची वाट दिली. सहकाराच्या गोष्टी महाराष्ट्राला कोणी शिकवाव्या असें नाहीं. जें रान विकलें जात नाहीं, तें बळींच्या कुटुंबांच्या किंवा भूमिहीनांच्या संस्थेला कसायला कां देऊं नये?

शेवटीं एक मुळाची गोष्ट. ‘दहशतवादाची कमाई’ म्हणतात ती आकाशांतून पडत नाहीं. नक्षलवादी तेंदूपानाच्या ठेकेदारांकडून खंडणी उकळतात, असें पोलीसच वारंवार सांगतात. ठेकेदार ती खंडणी आपल्या घरांतून थोडाच देतो? पानें तोडणाऱ्या बायाबापड्यांच्या मजुरीला तेवढी कात्री लागल्यावांचून ती निघत नाहीं. म्हणजे पैसा गरिबाच्या घामाचा, त्यावर विकत घेतलेली गोळी गरिबाच्या छातींत, आणि तोच पैसा पकडला गेला म्हणजे सरकारच्या तिजोरींत. असें तिन्हीकडून नागवणें कोणत्या न्यायांत बसतें?

आमची मागणी थोडक्यांत अशी. मकोका हा आपल्या राज्याचा कायदा आहे. त्याच्या २० व्या कलमांत एवढी ओळ घालावी कीं, जप्त मिळकतीच्या पैशावर पहिला हक्क त्या गुन्ह्यांतल्या बळींच्या घरांचा, आणि उरेल तें बळींच्या निधीचें. यूएपीएंत तशीच ओळ घालावी म्हणून राज्यानें केंद्राकडे आग्रह धरावा. तोंवर तिजोरीनें ठराविक मुदतींत, मंत्र्यांच्या मर्जीवर न ठेवतां, भरपाई द्यावी. निरपराध कुटुंबीयांचें औत, हत्यारें व राहतें घर यांना हात लावूं नये. आणि कोणाची कोणती मिळकत अडकविली, किती वर्षें झालीं, विकून काय आलें व कोणाला दिलें, याची यादी दरसाल तहसील कचेरींत लोकांना पाहावयास मिळावी. ज्या पैशाचा हिशेब चारचौघांत मांडला जात नाहीं, तो पैसा कोणाच्याच हिताचा नसतो.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. कोणाच्या घरावर असा घाला आलाच, तर फिर्यादीची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा व जखमेचा दाखला हे कागद जिवापाड जपावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करावा. बायकांना, तसेंच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथें कमाईची अट न घालतां वकील फुकट मिळतो. दलालाला पैसा देऊं नये. आणि खटल्यांत मिळकत अडकविली असेल, तर १०७ व्या कलमाखालीं वांटणीचा अर्ज करतां येईल काय, हें त्या वकिलास जरूर विचारावें.

आमदार मतें मागायला गांवांत येईल तेव्हां त्याला रस्ता विचारा, पाणी विचारा, कांद्याचा भाव विचारा. पण एवढ्यावर त्याला सोडूं नका. मकोकाच्या २० व्या कलमांत सरकारच्या आधीं बळीच्या घराचें नांव केव्हां लिहिणार, हेंही चारचौघांत विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला पारावरून उठूं देऊं नका.